लाईट जाण्याची वाट

तुंगार्लीत भर पावसाळ्यात लाईट जात नाही म्हणून वायरमनला फोन करणारी माणसं दोनच, मी आणि माझ्या सासूबाई. त्या आठवड्यात माझं सगळं घोडं त्या एका गोष्टीवर अडलं होतं.

नोकरी सोडून मी घरी बसून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होते, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम. तिचा गुण एकच. लाईट गेली तरी तिने काही विसरायचं नाही. दर थोड्या सेकंदांनी पडद्यावर आणि पडद्यामागे जे काही चालू असेल ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवून ठेवायचं, आणि लाईट आली की तिथूनच पुढे. सेव्ह केलं होतं का, म्हणून कपाळ बडवायला नको. या पावसाळ्यात जमलं नाही तर पुण्याची जुनी नोकरी पुन्हा धरायची आणि सोमवार ते शुक्रवार तिथेच राहायचं, असं मी घरात जाहीर करून बसले होते. नवरा म्हणाला, "बघ बुवा." सासूबाई उठून भाजी निवडायला गेल्या.

त्या तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या डोक्यातून काही पुसलं जात नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कपाटातल्या माझ्या शालूला बुरशी चढलेली पाहून मी फणकाऱ्याने म्हणाले होते, "या गावात माणूस राहू शकत नाही." त्या तेव्हा दारातच उभ्या होत्या.  तेव्हापासून दर पावसाळ्यात ते कपाट उघडताना त्या माझ्याकडे एकदा बघतात, आणि मी खिडकीबाहेर बघते.

सिस्टीम तपासायला मी पत्त्यांचा सॉलिटेअर लिहिला होता. सासूबाई तो खेळणार आणि खेळता खेळता लाईट जाणार, असं ठरलं. प्लग उपटून मी कितीदा तरी पाहिलं होतं, पण ते त्यांना मंजूर नव्हतं. "आपणच पेपर काढायचा आणि आपणच सोडवायचा, याला परीक्षा म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. शिक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. इन्व्हर्टर बंद करून आम्ही दोघी बसलो.

एरवी कुणी शिंकलं तरी जाणारी लाईट त्या आठवड्यात ढिम्म हलली नाही. वारा सुटला, ढग गडगडले, तलावाच्या बाजूला एक झाड आडवं झालं. आमच्याकडचा बल्ब मिणमिणलासुद्धा नाही. शेवटी मी वायरमनला फोन लावला. तो बेडशाकडचा, सासूबाईंना मावशी म्हणणारा.

"भाऊ, लाईट कधी जाणार हो?"

"न्हाई जायाची ताई. समदी लाईन नवी वढलीया आमी. निवांत ऱ्हावा."

"अहो, पण आम्हाला ती जायला हवीय."

"मावशी हायत का घरात? जरा त्यांच्याकडं द्या फोन."

सासूबाईंनी त्याला सगळं समजावलं, फळ्यावर आकृती काढावी तसं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मावशी, भर पावसात आमी खांबावर चढायचं, आन तुमी आसं म्हनायचं व्हय?" फोन ठेवल्यावर आम्ही दोघी ओशाळून बसलो, आणि मग हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चौकटची राणी उचलून, इस्पिकच्या राजावर ठेवावी की नाही, असा विचार करत बसल्या होत्या. बराच वेळ बसल्या होत्या. आणि लाईट गेली.

मी त्यांचा हात गच्च धरला. चहा केला तर तो कपातच गार झाला. कधीतरी पंख्याने एक गिरकी घेतली, मशीन सुरू झालं, पडदा उजळला. राणी राजाच्या वाटेवर, अधांतरी, जिथल्या तिथे.

मी ओरडले की रडले ते आठवत नाही. मला इतका आनंद झाला होता की मी सासूबाईंना खुर्चीतून उठवून फुगडी घालायला लागले. त्या "अगं गुडघा, गुडघा" म्हणत होत्या आणि माझ्याहून जोरात फिरत होत्या.

मग मी नवऱ्याला फोन करत होते, तेवढ्यात आतून हाक आली. राणी राजावर ठेवली होती आणि डाव पार अडकला होता. सासूबाईंनी सगळी दुनिया करते तेच केलं होतं, मशीन बंद करून पुन्हा चालू. पडद्यावर तोच हरलेला डाव. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तोच. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवा डाव सुरू करायचं बटण मी केलंच नव्हतं. मी स्वतः तपासताना दर वेळी अख्खी डिस्क पुसून टाकायचे, म्हणून ते कधी जाणवलंच नव्हतं. संगणकाच्या सगळ्या दुखण्यांवर जे एक औषध होतं, बंद करून चालू करणं, तेच मी काढून टाकलं होतं.

"विसरायची सोयच ठेवली नाहीस होय गं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसून हसून फरशीवर बसलो.

तिथे बसूनच मी बटण लिहिलं. पदराने डोळे पुसत त्या खुर्चीत बसल्या, बटण दाबलं, पत्ते नव्याने मांडले गेले. माझ्याकडे न बघता त्यांनी एक पत्ता हलवला.

"मग पुण्याचं काय?"

"नाही जात, आई."

"बरं." आणखी एक पत्ता. "म्हणजे या गावात माणूस राहू शकतो."