विनया मॅडमची जसलीन

विनया पवारांना अक्षरा डोळ्यांसमोर नको असायची. पहिलं कारण अगदी साधं होतं: ती त्यांना काकू म्हणायची. अख्खं कॉलेज मॅडम म्हणत होतं आणि ही नागपूरची पोरगी, मोहालीत आयटीत नोकरी करणारी, शनिवारी शिकवायला यायची आणि सगळ्या मुलांदेखत हाक मारायची, "काकू, चहा घेता का?"

नवऱ्याच्या, म्हणजे कर्नलसाहेबांच्या, बदल्यांपायी विनयाताईंनी गावोगावी संसार मांडला होता, शेजार जोडला होता आणि ट्रक भरून पुन्हा मोडला होता. चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत आल्यावर मात्र त्यांना तिथल्या कॉलेजात स्वतःचं म्हणावं असं एक टेबल मिळालं. पंजाबी शाळांतून आलेली मुलं आपलं मोडकंतोडकं इंग्रजी लिखाण घेऊन यायची. मॅडम लाल पेनानं पान रंगवून द्यायच्या. मुलं मान खाली घालून "थँक्यू जी" म्हणायची आणि त्यावर मॅडमचा आठवडा छान जायचा.

अक्षरा आली आणि टेबलापुढची रांग रोडावली. ती हातात पेनच घ्यायची नाही. "पहिले पंजाबीत सांग, मग तेच लिही," म्हणायची. तिच्या टेबलाशी कायम खिदळणं. इंग्रजी शिकवतेय की गप्पांचा अड्डा चालवतेय! विनयाताई घरी येऊन नुसत्या धुमसायच्या. कर्नलसाहेब पेपरामागून "हं" म्हणायचे.

एक जसलीन तेवढी त्यांची उरली होती. मानसा जिल्ह्यातल्या खेड्यातली, एक सत्र परदेशी शिकायला मिळावं म्हणून धडपडणारी. अर्जासोबत निबंध द्यायचा होता. तिनं लिहिलं होतं, की वडिलांना फवारणीच्या बाटलीवरचं इंग्रजी तिनं चुकीचं वाचून दाखवलं आणि कापूस करपला. वडील रागावले नाहीत, पण पुन्हा कधी बाटली तिच्या हातात दिली नाही. इंग्रजी कच्चंच होतं.

आणि एका शनिवारी विनयाताईंनी पाहिलं, तर जसलीन तोच निबंध घेऊन अक्षरासमोर बसलेली. वर हसत होती! विनयाताईंना ते बघवेना. मत्सरच तो, दुसरं काय. मुलगी बाहेर पडताच त्यांनी तिला गाठलं. "इकडे दे तो. मी बघते."

त्यांनी निबंध बघितला नाही, नवाच लिहिला. बाटली गेली, कापूस गेला, वडीलही गेले. त्यांच्या जागी मातीच्या मूक वाणीवर एक देखणा परिच्छेद आला. लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे जसलीन नव्हतीच. आता कळू दे त्या अक्षराला, इंग्रजी कशाला म्हणतात ते!

मुलाखत झाली, निकाल लागला. जसलीन टेबलाशी येऊन उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत.

"नहीं हुआ, मॅडम. त्यांनी विचारलं, मातीची मूक वाणी म्हणजे काय? मला सांगताच आलं नाही. मग म्हणाले, हे तूच लिहिलंस का? मी हो म्हटलं."

विनयाताईंना तिला जवळ घ्यायचं होतं, माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"अक्षराला कळलं का हे?"

जसलीननं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं.

"दीदींना मी दोन्ही निबंध दाखवले होते, जी. त्या म्हणाल्या, तुझाच पाठव. मलाही माझाच पाठवायचा होता. लेकिन आपको बुरा लगता."

पलीकडे अक्षराच्या टेबलाशी कुणीतरी खळखळून हसलं. जसलीननं वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि ती तिकडे गेली. विनयाताई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकं होऊनही त्यांना ते तिचं तिकडे जाणंच जास्त लागलं.