जप्त गाडीचं चालान

भूतखेत, करणी, दृष्टांत... यातलं मी कधी काही मानलं नाही. माझा विश्वास कागदावर. वर्ध्यात एका सरकारी ऑफिसात बावीस वर्षं लिपिक आहे, राहतो बोरगाव मेघेला. कागदावर नाही ते घडलंच नाही, असं खिडकीपलीकडच्या लोकांना रोज सांगत आलोय. म्हणूनच हे लिहिताना आजही डोकं तापतं. कारण हे कागदावर होतं.

आणि चालान या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग. रस्त्यात हातभर खड्डे, सिग्नल सहा महिने बंद, त्याची तक्रार करा तर कोणी विचारत नाही. पण हेल्मेट नसलं की झाडाआडून फोटो! मीही काही कमी नव्हतो. कोणत्या चौकात किती वाजता पोलीस उभे असतात ते मला पाठ होतं. मागच्या नंबरप्लेटवरचा चिखल मुद्दाम राहू द्यायचो. तरी चालान आलंच तर ऑनलाइन तक्रार ठोकायची, ती फेटाळली की दुसरी. भरायचं मात्र नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मला अडवलं. मशीनमध्ये नंबर टाकल्यावर जुन्या चालानांची रांगच निघाली. मी रस्त्यावर अर्धा तास भांडलो. उपयोग झाला नाही, मोटारसायकल जप्त. पण पावती मी नीट लिहून घेतली — गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग, डावा आरसा तुटलेला, टाकीला पोचा, सगळं. माझ्यासमोर गाडी त्यांच्या आवारात नेऊन साखळीनं बांधली. मी ऑटोनं ऑफिसला गेलो.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला टेबलावर फाइल उघडून बसलेलो असताना मोबाइलवर मेसेज आला. नवीन चालान. विनाहेल्मेट, ठिकाण नागपूर रोड, केळझरच्या अलीकडे, वेळ त्याच दिवशी सकाळी अकरा चाळीस.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गाडी यांच्याच ताब्यात, साखळीला बांधलेली, आणि यांनीच तिचं चालान फाडलं! आता सापडले, म्हटलं. लिंक उघडून फोटोत फक्त नंबर पाहिला. तो माझाच होता. तिथेच बसून तक्रार लिहिली, जप्तीची पावती जोडली, अकरा चाळीसला मी ऑफिसात होतो म्हणून अंगठ्याच्या हजेरीची नोंदही जोडली. चहाच्या वेळी चार जणांना वाचून दाखवली.

संध्याकाळी घरी बायकोला, वैशालीला, तोच किस्सा रंगवून सांगितला. ती शाळेत शिक्षिका आहे, फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहायला बसली.  मग म्हणाली, "अहो, मागे आई बसल्या आहेत."

मी वाकून पाहिलं. मोटारसायकल माझीच. टाकीवर पोचा, डावा आरसा नाही. चालवणारा मी. माझा चौकड्याचा शर्ट, माझा चष्मा, माझं टक्कल. आणि मागे एका बाजूला पाय सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोक्यावरून पदर घेतलेली माझी आई.

इथे आईबद्दल सांगायला हवं. संक्रांतीच्या सुमाराला ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायात बळ आलं नाही. तेव्हापासून आठ महिने ती खाटेवरच होती. टेकून बसवलं तरी दहा मिनिटांत कळ यायची. डोकं मात्र शाबूत, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. आणि एकच मागणं — केळझरच्या गणपतीला नेजो मले. मी आधी समजावलं, मग चिडायला लागलो. तुझ्याच्यानं बसवत नाही, टेकडीवर कोण नेईल, मला सुट्टी नाही. कार भाड्यानं करू, असं वैशाली म्हणायची. मी तिच्यावरही चिडायचो.

लॅपटॉप उचलून मी आईच्या खोलीत गेलो. ती जागीच होती. तिच्यासमोर धरला.

चष्मा लावून तिनं नीट पाहिलं. "बरा आला फोटू," ती म्हणाली. "तो पोलीस काढून राह्यला होता तवाच मले वाटलं, आपल्याले देते का नाई."

मी विचारलं, कोणाबरोबर गेली होतीस तू?

"कोणाबरोबर म्हंजे? तूच तं नेलं मले."

मी ओरडलो. आठ महिने जिचं हागणंमुतणं खाटेवर, त्या आईवर मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, की तुझं डोकं फिरलंय, सकाळपासून मी ऑफिसात होतो. ती घाबरली नाही. शांतपणे सगळं सांगत राहिली. मी साडेदहाला आलो, तिला उचलून गाडीवर बसवलं. वाटेत थांबून चहा पाजला, बशी मीच धरली. पायऱ्यांशी तिला पाठुंगळी घेतलं. "शेवटच्या चार पायऱ्या मी माह्या पायानं चढली," ती म्हणाली. "तू म्हटलं, हळू चढ, मले घाई नाई."

असं वाक्य मी आयुष्यात तिला म्हटलेलं नाही.

आईजवळ दिवसा सुशीलाबाई असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्याबरोबर मी त्यांना दारातच गाठलं. मी पोलिसासारखाच बोललो असणार, कारण त्या रडायलाच लागल्या. बुधवारी दहा ते एक त्या स्वतःच्या घरी गेल्या होत्या, न सांगता, मुलीला पाहायला पाहुणे येणार होते म्हणून. बाहेरून कडी लावली होती, परत आल्या तेव्हा कडी तशीच होती आणि आई झोपलेली होती.

"पण दादा, एक सांगू काय," त्या म्हणाल्या. "आजीचे तळपाय चिखलानं भरले होते. मी वल्ल्या फडक्यानं पुसले. तुमाले भेवानं नाई सांगतलं."

डुप्लिकेट नंबरप्लेट, तोंडावळा सारखा असलेला माणूस, कॉम्प्युटरवर बनवलेला फोटो... तुम्ही आत्ता जे म्हणताय ते सगळं मीही म्हणून पाहिलं. शनिवारी एसटीनं केळझरला गेलो. ठरवून गेलो होतो की तो पोलीस सापडला तर त्याची कॉलर धरायची. तो फाट्यावरच उभा होता, निवृत्तीला आलेला जाडसर हवालदार. मी काही बोलायच्या आधी त्यानंच हात केला.

"काय भाऊ, आज माताजी नाई आणल्या?"

 कसंबसं विचारलं, तुम्ही मला ओळखता? तो म्हणाला, दिवसाला शंभर लोक भांडतात, शिव्या देतात, आमदाराला फोन लावतात. तुम्हीच एक वेगळे निघालात. गाडी बाजूला घेतली आणि म्हणालात, चूक माझी आहे, चालान फाडा, आईला दर्शनाला न्यायचंय.

"म्हणून ध्यानात राह्यले तुमी," तो म्हणाला. "नाई तं कोण ध्यानात राह्यते?"

कॉलर धरायला गेलेला मी त्याच्या हातचा चहा पिऊन परत आलो. पण बसमध्ये जो संताप आला तो कसा सांगू... कोण होता हा माणूस? माझा शर्ट घालून, माझ्या दारातून माझ्या आईला उचलून नेणारा, आणि माझ्यापेक्षा चांगलं वागणारा?

पुढच्या सोमवारी तक्रारीच्या सुनावणीला वाहतूक शाखेत बोलावलं. तिथल्या मॅडम सरळ होत्या. माझ्यासोबत आवारात आल्या. साखळी तशीच, कुलूप तसंच, चाकांभोवती आठवडाभराचं गवत. मीटर पावतीवरल्या आकड्यावरच, एक किलोमीटरही पुढे नाही. आमचीच काहीतरी चूक आहे, म्हणाल्या, चालान रद्द करते. फक्त दोन ओळी लिहून द्या, की फोटोतला इसम मी नाही आणि मागे बसलेल्या बाईला मी ओळखत नाही.

मी पेन हातात घेऊन बसलो. वर्षानुवर्षं प्रत्येक चालानशी भांडलेला माणूस मी, आणि हे पहिलंच जिंकत होतो. मॅडमनी विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, नाही. लिहिलं. सही केली. जुनी सगळी चालानं भरली, गाडी सोडवली आणि घरी आलो.

आईनं विचारलं, काय झालं कचेरीत? मी म्हटलं, रद्द झालं. कसं झालं, तिनं विचारलं. मी सांगितलं.

तिनं पेपर बाजूला ठेवला.

"मंग आपण गेलोच नाई, असं लेहून देलं काय तू?"

मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी मी कार ठरवली. डॉक्टरांना विचारलं, मागच्या सीटवर गाद्या घातल्या. आई नको म्हणाली. रागावली नव्हती. मी जाऊन आली, एवढंच म्हणाली. त्यानंतर मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा हेच. फोटो पाहायला लिंक उघडली तर नोंद सापडत नाही असं येतं. रद्द झालेल्या चालानचा फोटो ते ठेवत नाहीत, आणि मला जपून ठेवायची बुद्धी झाली नव्हती.

तो कोण होता, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा, पण डुप्लिकेट नंबरप्लेट म्हणू नका. आई अजून आहे, खाटेवरच आहे. मी ऑफिसातून आलो की ती आधी माझ्या तोंडाकडे निरखून पाहते, मग पेपर पुन्हा वर धरते.