निळ्या नखांची कबुली

सगळे तिला रंगारीणबाई म्हणत. तीस वर्षं तिने सुताच्या लडी रंगवल्या. स्वस्थ बसणं काही तिला जमलं नाही. मग फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला, चार पायऱ्यांत धाप लागू लागली आणि मुलाने फर्मान काढलं: काम बंद. डॉक्टरांनी औषधं दिली, देखरेखीखाली व्यायाम सांगितला. बाई आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या लांब पॅसेजमध्ये चालू लागली. आणि मुलगा कामावर गेला की दुपारी गुपचूप निळीच्या टोपात हात घालू लागली. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

व्यायाम तिला चांगला मानवला होता. जिन्यात आता एकदाच थांबावं लागे. पण गेल्या दोन खेपांना बोटाच्या चिमट्याने रक्तातला प्राणवायू फार कमी दाखवला आणि व्यायाम घेणाऱ्या ताईंनी तिला चालता चालता खाली बसवलं.

"आजही आकडा असाच आला, तर व्यायाम थांबवावा लागेल," ताई म्हणाल्या. चिमटा लावला. ब्याऐंशी.

"नखंच बघा ना, किती निळी पडलीयेत," आज सोबत आलेला मुलगा म्हणाला.

बाईने हात पदराखाली ओढले. बोलावं तर पोरगा भडकणार. गप्प राहावं तर पुन्हा खाट आणि छताकडे बघणं. खाटेची तिला जास्त भीती वाटली.

"आजार नाही रे तो," ती पुटपुटली. "नीळ आहे. कालच्या लडींची. साबणाने घासली, पण निघेना."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, रंगलेल्या बोटावर हा चिमटा चुकतो. आधी नाही का सांगायचं?" त्यांनी दुसरा चिमटा कानाच्या पाळीला लावला. चौऱ्याण्णव.

मग बाई सहा मिनिटं चालली, तीनशे दहा मीटर. ताई शेजारून चालत होत्या, आकडा नव्वदच्या खाली गेला नाही. थोडी दमली, पण चेहरा असा खुलला होता की बघत राहावं.

"व्यायाम चालू ठेवू," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारते, ते हो म्हणाले तर बसून काम करा. ओलं ओझं मात्र उचलायचं नाही."

बाई मुलाचा ओरडा खायला तयार होऊन बसली.

"आठवडाभर मला झोप नाही, आई," तो म्हणाला. "मला वाटलं, तू चाललीस." त्याने तिचे निळे हात दोन्ही हातांत घट्ट धरले. "लडी मी पिळून देत जाईन."