दात घेऊन आलेलं लेकरू

"उपटा डाक्टरसाब, आन् मोकळं करा," बाळाचा आजा म्हणाला. बाळ आठवड्याचंही नव्हतं.

निजामाच्या काळात हिंगोलीत दाताचा डॉक्टर म्हणजे चिमटेवाला. लहान मुलांचे दात टिकवायची माझी खटपट लोकांना थट्टेचीच वाटे. पण औंढ्याकडच्या या गावाहून गणपत, म्हणजे बाळाचा मामा, स्वतः बैलगाडी घेऊन मला न्यायला आला होता.

भर दुपार. घर माणसांनी भरलेलं, पण आवाज नाही. बाळही रडत नव्हतं. मला पाणी मिळालं. गणपतला कुणी विचारलं नाही.

बाळाचं तोंड उघडलं. खाली, समोरच, जन्मतः आलेला दात. असं क्वचित होतं. त्याच्या धारेनं जिभेखाली जखम झाली होती. दूध ओढताना दुखणारच. पण आईनं, सुभद्रानं, पाजणंच सोडलं होतं.

"का पाजत नाहीस?"

"दात घिऊन आलंय. मामाला खातंय ते." तिचं तोंड भिंतीकडं होतं. "मला येकच भाऊ हाये."

मी भडकलो. "अगं, लेकरू मरतंय!"

मी बोटानं दात हलवून पाहिला.

दात पक्का होता. इतक्या कोवळ्या बाळाचं रक्त लवकर थांबत नाही. उपटला असता तर बाळच हातचं गेलं असतं. मी धार घासायची ठरवली. अशा वेळी दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून बसायचं. बाळाचं डोकं माझ्या मांडीत, अंग समोरच्याच्या मांडीवर. समोर बसायला कुणी येईना. शेवटी गणपत बसला.

बारीक कानशीची करकर तेवढी ऐकू येत होती. मी मान वर केली. बाळाकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे गणपतकडं बघत होते, मढं उचलायच्या आधी बघतात तसे.

काम झालं. गणपतनं बाळ बहिणीच्या ओटीत ठेवलं.

"पाज. मी हाये आजून."

ती हमसून रडली. मग तिनं बाळाला पदराखाली घेतलं. जरा वेळानं चुटूचुटू आवाज आला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पोरगं जगलं. पुढं तो दात पडला तेव्हा गणपतच त्याला खांद्यावर बसवून दाखवायला आला. स्वतः चांगला धडधाकट.

"आता बोलतात ना घरचे तुझ्याशी?" मी विचारलं.

"बोलतेत की. पन मी शिंकलो तरी समदे पोराच्या तोंडाकडं बघतेत."

तेव्हापासून लहान पेशंट आला की तोंड उघडायच्या आधी मी विचारतो, "मामा कसे आहेत?"