मागच्या कार्ब्युरेटरचा चौथा नट

मंगळवारी आणि शुक्रवारी मी काकांच्या घरी व्यायाम घ्यायला जायचे. मी फिजिओथेरपिस्ट. पक्षाघात झालेल्या माणसांना उभं करायचं, चार पावलं चालवायचं, आखडलेली बोटं मोकळी करायची, हे माझं रोजचं काम. पेशंटच्या घरात फार गुंतू नये असं आम्हाला शिकवतात. या घरात मात्र मी पहिल्याच दिवशी काका-काकू म्हणून गेले आणि पुढे तेच राहिलं.

काका ड्राफ्ट्समन होते. बत्तीस वर्षं त्यांनी पुलांचे नकाशे काढले. स्वभावाने इतके काटेकोर की पेन्सिलसुद्धा एका ठरावीक कोनातच तासलेली लागायची. काकू शिवणकाम करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची दोन मशिनं, एक लांब टेबल आणि भिंतीवर टांगलेले शाळेच्या गणवेशांचे कागदी नमुने. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने त्यांना मान वर करायला फुरसत नसायची.

घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गाडी. दोन माणसांची, बुटकी, गडद हिरवी, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार. काकांनी ती भंगारातून उचलली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तोवर काकांचा जवळजवळ प्रत्येक रविवार त्या गाडीखाली गेला.

"माझी सवत आहे ती," काकू म्हणायच्या. "पण हिचं तेल-पाणी कधी चुकलं नाही हो. माझा चष्मा मात्र दोन वर्षं फुटका."

काकांना झटका आला तो दिवस असाच गणवेशांच्या घाईचा होता. सकाळी दहा वाजता ते स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे दोन्ही कार्ब्युरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून शेडकडे गेले. आठवडाभर ते त्यांनी ब्रशने घासून साफ केले होते. काकूंनी दुपारी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं, हाक मारली आणि पुन्हा मशिनवर बसल्या. घाईच्या दिवसांत दोघं आपापल्या वेळेला जेवायची. तीन वाजून दहा मिनिटांनी त्या पाणी प्यायला उठल्या तेव्हा ताट तसंच झाकलेलं होतं. शेडमध्ये काका गाडीच्या पुढच्या चाकाशी पडलेले होते. डोळे उघडे होते आणि तोंड एका बाजूला वाकडं झालेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांना नीट बोलताना-चालताना शेवटचं कधी पाहिलंत?"

काकूंनी खरं तेच सांगितलं. दहा वाजता.

अशा झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात. नंतर दिलं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा चार वाजले होते. इंजेक्शन दिलं गेलं नाही. काकांचा जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं त्यांना सगळं समजायचं. स्वतः बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा : "नाही." पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. काकू सुरावरून ओळखायच्या.

"जन्मभर ह्यांना नाही म्हणायचं काम माझं होतं," त्या मला म्हणाल्या होत्या, "आता ते हौसेने करताहेत." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. माणूस पाच तास जमिनीवर पडून होता आणि आपण पलीकडच्या खोलीत कॉलर शिवत बसलो, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त मशिनवर बसल्या की दर दहा मिनिटांनी त्या उठायच्या आणि काका जिथे असतील तिथे डोकावून यायच्या. त्यांचं काम निम्म्यावर आलं ते त्यामुळेच.

दीड वर्ष असं गेलं. काका काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले, पण हाताच्या व्यायामाला अजिबात तयार होत नव्हते. मऊ चेंडू दाबायला दिला की डाव्या हाताने भिरकावून द्यायचे. एके दिवशी मी वैतागून म्हटलं, "काकू, शेडमधले नट-बोल्ट आणा. तेच फिरवू दे त्यांना."

काका ताडकन माझ्याकडे बघायला लागले.

त्या शुक्रवारपासून व्यायाम शेडमध्ये सुरू झाला. काका गाडीशेजारी खुर्चीवर बसायचे, उजव्या हातात नट धरायचे, तो पडायचा, पुन्हा धरायचे. चेंडूसारखा त्यांनी तो एकदाही फेकला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बॉनेटकडे बोट केलं आणि मग किल्लीकडे. गाडी चालू करायची होती.

काकूंनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने बॅटरी बदलली, ताजं पेट्रोल भरलं, सुट्या राहिलेल्या नळ्या आणि तारा जोडल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण ठिकाणावर राहीना. आपोआप चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं, आणि गरम झालं की धापा टाकत बंद पडायचं.

"कार्ब्युरेटर गेलेत," मेकॅनिक म्हणाला. "जुना माल आहे काकू, नवे घाला."

"नाही," काका म्हणाले.

"मग कुठून तरी हवा घेत असेल. इंजिनाला मोजून हवा लागते. जादाची शिरली की ते असं पिसाळतं. थांबा, चालू इंजिनवर थोडं पेट्रोल शिंपडून बघतो, जिथे ओढून घेईल तिथे फट."

"नाही!" काका खुर्चीतून अर्धे उठले. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल, ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. मेकॅनिक खांदे उडवून निघून गेला.

काकूंनी वाकून ते इंजिन नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "फट शोधायची ना? शोधू. उसवलेली शिवण शोधतच माझं आयुष्य गेलंय."

काकांकडे त्या गाडीच्या दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक होतं, समासात त्यांच्याच बारीक अक्षरांतल्या नोंदी असलेलं. काकूंनी रोज दुपारी दोन-दोन पानं वाचली. अडलं तिथे त्या पुस्तक काकांपुढे धरायच्या आणि काका बोटाने दाखवायचे. पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा शेडची दारं सताड उघडी होती, गाडी अर्धी बाहेर ढकललेली होती आणि काकू केस घट्ट बांधून, बाह्या कोपरापर्यंत सारून उभ्या होत्या. पंख्याच्या पट्ट्यात काही अडकायला नको म्हणून बांगड्याही काढून ठेवलेल्या.

इंजिन चालू असताना त्या एकेक रबरी नळी पकडीने चिमटत गेल्या. ब्रेककडे जाणारी जाड नळी चिमटली तेव्हा इंजिनचा सूर एकदम बदलला. ती काढून वाकवून बघितली, तर आतल्या बाजूने चिरलेली. नवी आणून बसवली. इंजिन आता बंद पडायचं थांबलं, पण चढ-उतार राहिलाच.

"नाही," काका म्हणाले, या वेळी हळू आवाजात. म्हणजे अजून आहे.

मग काकूंनी कपड्यांवर पाणी मारायची त्यांची बाटली आणली, साबणाचं पाणी भरलं आणि सांध्या-सांध्यावर फवारलं. पुढच्या कार्ब्युरेटरपाशी काही फरक पडला नाही. मागच्या कार्ब्युरेटरच्या बुडाशी फवारलं, तर इंजिन क्षणभर ठसकल्यासारखं झालं आणि मग चक्क शांत चाललं. पाणी वाळलं, पुन्हा तेच. काकूंनी हातभर पातळ नळी घेतली, एक टोक कानाला लावलं, दुसरं त्या जागेभोवती फिरवलं.

"इथे आहे," त्या म्हणाल्या. "शिट्टी वाजतेय बारीक. ऐक."

मी ऐकलं. दातांतून श्वास ओढावा तसा आवाज होता.

इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. कार्ब्युरेटर चार नटांवर बसतो. तीन नट दिसत होते, पाना लावला तर हलेनात. चौथा खाली, आतल्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारा. काकूंनी हात घातला आणि चाचपलं. शिवणारीची बोटं ती. मला जे कळलं नसतं ते त्यांना लगेच कळलं.

"हा तर नुसता बोटाने लावलाय," त्या म्हणाल्या. "फिरतोय."

आणि त्या तिथेच थांबल्या. हात आतच, चेहरा काकांकडे.

"हाच नट आवळत होतात, पडलात तेव्हा?"

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

"पण सकाळी दहाला तर दोन्ही सुटे होते. मी स्वतः बघितलेत टेबलावर." त्यांनी हात बाहेर काढला. "हे एवढं सगळं त्यानंतर केलंत? सांध्यातला जुना कागद खरवडला, त्या जागी नवी गॅस्केटं कापली, दोन्ही चढवले? मग पडलात कधी?"

शेडच्या भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ होतं. काकूंनी ते खाली काढलं, पुढची काच उचकटली आणि घड्याळ काकांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी डाव्या हाताच्या तर्जनीने तासकाटा सरकवला, मग मिनिटकाटा. अडीच वाजून थोडं पुढे.

काकूंनी खात्री करायला मुद्दाम विचारलं, "बारा?" काकांनी नकारार्थी मान हलवली आणि बोट त्याच अडीचच्या जागी आपटलं.

"म्हणजे पाच तास नाही," काकू म्हणाल्या. "अर्धा-पाऊण तास." त्या शेडमधल्या एका जुन्या टायरवर बसल्या आणि रडू लागल्या. मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. पण काही वेळाने त्यांनी तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मी डॉक्टरांना अडीच सांगितलं असतं, तर ते इंजेक्शन दिलं असतं ना?"

हा प्रश्न येणार हे मला त्या काट्यांकडे बघतानाच कळलं होतं. खोटं बोलावं असं वाटलं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"बहुतेक दिलं असतं," मी म्हटलं. "त्याने किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही. काहींना पडतो. काहींना अजिबात नाही. आणि तुम्हाला वेळ माहीतच नव्हती, काकू. अंदाजाने सांगितली असती आणि ती चुकली असती, तर ते कदाचित आज इथे नसते."

"ताट झाकलेलं होतं ना," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जेवणाआधीच पडले. गाडीच्या नादात हे जेवण विसरतात हे मला तीस वर्षं माहीत होतं. तरी मला तसंच वाटलं."



काका काठीवर भार देऊन उठले. मी धरायला पुढे झाले, पण त्यांनी मला बाजूला सारलं. दोन पावलं टाकून ते काकूंजवळ आले, डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "नाही." मग पुन्हा, "नाही. नाही." मी इतके दिवस त्यांचा तो एकच शब्द नाना सुरांत ऐकला होता. या वेळी मात्र त्याचा अर्थ शब्दातच होता.

थोड्या वेळाने त्यांनी फळीवरचा वाकडा पाना उचलला आणि काकूंच्या हातात दिला. काकूंनी नुसता तो एक नट आवळला नाही. त्यांनी चारही नट सोडले, कार्ब्युरेटर उतरवला, दीड वर्षात एका कडेला आकसलेलं गॅस्केट काढून त्याच्या मापाने नवं कापलं, आपल्या कापडाच्या कात्रीने, एका दमात. मग चारही नट थोडे थोडे करत समोरासमोर आवळले. तासभर गेला. काका वाकून प्रत्येक फेरा बघत होते.

इंजिन लागलं आणि ठिकाणावर राहिलं. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. या वेळी 'नाही' म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी काकूंनी मुलीला फोन केला. मी निघताना दारात होते, म्हणून ऐकू आलं. "बाबा अडीच वाजता पडले होते," त्या सांगत होत्या. "मी दवाखान्यात चुकीचं सांगितलं. तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं." पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हो. ये. दोघांनाही बरं वाटेल." मुलगी त्या शनिवारी आली आणि आठ दिवस राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. काकूंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काकूंची दर दहा मिनिटांनी उठायची सवय सुटली नाही. ती सुटेल असं मला वाटलं होतं, पण पाच तासांऐवजी अर्धा तास झाला म्हणून भीतीला काही फरक पडत नसावा. गाडी मात्र त्या शिकल्या, चौसष्टाव्या वर्षी. पहिल्यांदा काकांना घेऊन निघाल्या तेव्हा मागे गाड्या लागू नयेत म्हणून भल्या सकाळची वेळ निवडली. रस्ता रिकामा होता. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं?

"गियर दोनदा अडकला," काकू म्हणाल्या. "आणि हे जाताना पहिल्या वळणावरच झोपले. एवढी वर्षं गाडीत बसले की कान टवकारूनच असायचे. कुठे काय वाजतंय, कुठे काय वाजतंय. आज नुसते झोपले. मग मी लांबच्या रस्त्याने आले."