फळीवरची पातेली, पत्र्यावरचं पॅनल

वडूजच्या बादशहाचाचांच्या घरात फळीवर भोकं पडलेली तीन पातेली आहेत. कल्हई करताना आपल्या हातून भांडं बिघडलं, तर गिऱ्हाइकाला घरातलं चांगलं भांडं द्यायचं आणि बिघडलेलं आपण ठेवायचं, हा त्यांच्या वडिलांचा नेम. पुढं घरोघर स्टील आलं आणि चाचांचा भाता अडगळीत गेला. माणूस आधीच तिरसट, रिकामा बसून आणखी तिरसट झाला. मी शेजारी राहतो, मला विचारा.

त्यांना कामाला लावलं सुनेनं. आयेशा आयटीआय शिकलेली. लोकांनी भंगारात काढलेली सोलर पॅनल ती आणते, तपासते आणि दुरुस्त करून पुन्हा उन्हात उभी करते. तारांना डाग देण्याचं काम चाचांचं. हात तोच, कथीलही जवळजवळ तेच.

मागच्या उन्हाळ्यात औंध रस्त्याच्या वस्तीवरचे नाथाजी आले. विहिरीवरची मोटर चालेना आणि दुकानदार म्हणत होता, आठही पॅनल बदला. आयेशानं वस्तीवर जाऊन मीटर लावून पाहिलं. सात ठणठणीत होती, एकाच्या पाठीमागची तारा जोडायची डबी जळाली होती. त्या एकापायी सगळी ओळ अडली होती. वस्तीवर बारा म्हशी, आणि पाणी त्या एका विहिरीचं. तेवढं एक पॅनल काढून घरी आणलं. "परवा सकाळी न्या," चाचांनी नाथाजींना शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी डबी बदलून आयेशा जुनी पॅनल बघायला इस्लामपूरला गेली. काच तेवढी मळकट दिसत होती. चाचांनी काय करावं? पातेलं घासतात तशी चिंच आणि वाळू घेऊन काच घासली! मी ओट्यावरून बघत होतो. मलाही ती छान लखलखीत वाटली, म्हणजे माझंही शहाणपण कळलंच.

आयेशानं आल्यावर पॅनल उन्हात तिरकं धरलं. काचभर ओरखडे. मीटर लावला तर वीज बरीच कमी भरली.

"अब्बा, ह्याच्यावर मोटर रडत चालंल," एवढंच ती म्हणाली.

चाचांचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं, म्हणून म्हणालो, "नाथाजीला काय कळतंय, चाचा?"

"मला कळतंय न्हवं!" ते माझ्यावरच खेकसले.

मला शिडी धरायला लावून ते पत्र्यावर चढले. तिथं लावलेलं त्यांच्या घरचं त्याच मापाचं पॅनल आम्ही खाली उतरवलं आणि ओरखड्यांचं वर बसवलं. सकाळी नाथाजींना सगळं खरं सांगून चाचांनी घरचं पॅनल त्यांच्या हवाली केलं. नाथाजींनी ते उलटून-पालटून पाहिलं आणि घेऊन गेले. त्या दिवशी चाचा धड जेवले नाहीत. आता हे गावभर होणार, पुन्हा आपल्याला काम कोण देणार, हीच त्यांना धास्ती.

चौथ्या दिवशी नाथाजी परत आले. पोत्यातून आईच्या वेळचं पितळेचं मोठं पातेलं काढून त्यांनी चाचांपुढं ठेवलं.

"मोटर लय झ्याक चाललीया. ह्याला मातर चिंच लावा, वाळू लावा, कितीबी घासा. कल्हई तेवढी करून द्या."

चाचा डोळे पुसत उठले आणि त्यांनी अडगळीतून भाता काढला. भाता मारायला आयेशा बसली.