बरडावरची कनात

आमच्या वाट्याला दोन एकर बरड आला होता. दगड, मुरूम आणि एक निंब. उंचावर असल्यामुळे तिथून खाली गावातल्या सगळ्यांची केळी दिसायची; आमचं एक पान नव्हतं त्यात. आई-वडील दोघं त्याच केळीत मजुरीला जायचे. केळीचा चीक कपड्यांवरून जात नाही. आईच्या एकूण एक लुगड्यावर त्याचे काळे डाग होते, आणि मी अमळनेरच्या कॉलेजात भूगोल शिकले ती या डागांवर.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

वडिलांनी बरड मुरूमवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. तो खोदून नेणार, मग मागे खड्डा. सोमवारी सही होती. त्याच्या आदल्या आठवड्यात मी कॉलेजातल्या मॅडमना म्हटलं, "रविवारी तुमचे पुण्याचे पाहुणे भरीत खायला आमच्या बरडावर आणा. डोंगर दिसतो." पाहुण्यांना आवडलं तर वडील थांबतील, एवढाच माझा हिशेब.

वडील म्हणाले, "आठे काय शे देखाले? बठ्ठा गोटाच." त्यांच्या लेखी तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, सगळे दगडच.

पण पाव्हणे म्हटल्यावर त्यांना राहवेना. रविवारी मी बरडावर पोचले तर मंडप! लग्नातली लाल-पिवळी कनात चारही बाजूंनी लावलेली, आत प्लास्टिकच्या खुर्च्या. आपले दगड पुणेकरांना दिसू नयेत, म्हणून.

पाहुणे आत जाऊन बसले. एका काकांनी हळूच विचारलं, "लग्न कोणाचं आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कनातीपलीकडे आईने कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात हिरवी वांगी टाकली होती. वारा फिरला आणि सगळा धूर मंडपात. पाहुणे खोकायला लागले. आईने आत डोकावून बघितलं आणि वडिलांवर ओरडली, "कनात सोडा ती! पाव्हणास्ले डोंगर देखू द्या!"

वडील जागचे हलेनात. मग तिनेच गाठी सोडल्या. तीन बाजू खाली आल्या. समोर निळा सातपुडा, खाली केळीचा हिरवा पट्टा, मध्ये आमचे दगड उन्हात. पाहुण्यांनी खुर्च्या डोंगराकडे वळवल्या.

पाहुण्यांतल्या एक आजी वडिलांना म्हणाल्या, "अहो भाऊ, एवढं झाकून ठेवलं होतंत होय?"

वडील आधी लाजले, मग सुटलेच. डोंगरात गुरं कोणत्या वाटेने चढतात, थंडीत कोणता दगड उशिरापर्यंत गरम राहतो, कुठल्या नाल्यात मोर उतरतात. आई म्हणाली, "आता जेवू द्या की त्यांना!" आजी जेवायला खुर्ची सोडून त्या गरम दगडावर जाऊन बसल्या. निघताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी माझी भिशी घेऊन येते. कनात नको हं."

सोमवारी मुरूमवाला आला. वडिलांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "नाही द्यायचा."

याला तीन हिवाळे झाले. थंडीत दर रविवारी पैसे देऊन भरीत खाणारे पाहुणे असतात. आई आता दुसऱ्याच्या केळीत जात नाही. बरड आमचाच आहे, आणि सातबाऱ्यावर वडिलांच्या खाली आईचं नाव लागलं आहे.